जास्तीचा उजेड

२०१६ साली बाबांचं खुब्याचं हाड मोडलं आणि घरात रात्रीच्या पाळ्या लागल्या. अकरा ते तीन मी, तीननंतर दादा. गोळ्यांनी बाबांना गुंगी यायची पण झोप लागायची नाही. दर वीस-पंचवीस मिनिटांनी डोळे उघडून विचारायचे, "किती वाजले?" खोलीत दिवा लावला की त्यांना त्रास व्हायचा, म्हणून मी लॅपटॉपचा उजेड अगदी मंद करून डिस्क डिटेक्टिव्ह उघडायचे आणि ठिपके बघत बसायचे.

नासाच्या पाठबळावर चालणारा हा प्रकल्प जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाला. त्यात कुणीही भाग घेऊ शकतं. काम दिसायला साधं आहे. आकाशातल्या एकाच जागेची चित्रं एकामागून एक सरकत जातात. आधी दृश्य प्रकाशातली, मग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशातली, तीही जवळच्या तरंगलांबीची, मग वाइज या अवकाश दुर्बिणीने त्याहून लांब तरंगलांबीला टिपलेली. मधोमध फुली आणि तिच्याभोवती एक वर्तुळ. वर्तुळात ठिपका एकटाच आहे का? तरंगलांबी वाढत जाते तसा तो फुलीवरून ढळतो का? गोल आहे की लांबुळका? वर्तुळाबाहेर सांडतो का? शेवटच्या चित्रांत वर्तुळ रिकामंच राहतं का? एवढं सांगायचं आणि पुढचा ठिपका घ्यायचा.

बाबांनी सगळी नोकरी एक्स-रे टेक्निशियन म्हणून केली. डार्करूममध्ये, डेव्हलपरच्या वासात, ओल्या फिल्म उजेडाच्या पेटीवर धरून. एका रात्री ते म्हणाले, "काय बघत असतेस गं रोज?" मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. चित्रं सरकली. ते म्हणाले, "हलला."

"काय हलला?"

"मधला. पहिल्यांदा दिसतो तो वेगळा आणि शेवटी दिसतो तो वेगळा. परत लाव बघू."

परत लावलं. खरंच होतं. दृश्य प्रकाशातला तारा फुलीवर होता, आणि अवरक्तात झळकणारी वस्तू केसभर डावीकडे. मागची एखादी दीर्घिका असेल किंवा वाटेतला धुळीचा पुंजका. मी तो ठिपका 'चांगला उमेदवार' म्हणून देऊनही टाकला होता. त्या रात्रीनंतर मी एकटीने कधीच ठिपके पाहिले नाहीत. मी प्रश्न वाचायचे, बाबा उत्तर द्यायचे: "गोल आहे. एकटा आहे. जागेवर आहे. पुढचा घे."

हे सगळं कशासाठी, ते मला त्यांना नीट सांगता आलं ते माझ्या धंद्यामुळे. मी हिशेब तपासते. बँकेच्या पासबुकातली रक्कम आणि कीर्दीतली रक्कम जुळली नाही की आम्ही म्हणतो, फरक निघाला. फरक निघाला की तो कुठून आला ते शोधायचं, आणि बहुतेक वेळा त्यामागे काहीतरी कंटाळवाणं कारण असतं: एक नोंद दोनदा पडलेली, एक धनादेश वठायचा राहिलेला. पण कधी कधी त्या फरकामागे एक आख्खं खातं निघतं, जे कुठल्याच वहीत लिहिलेलं नसतं.

ताऱ्याचंही तसंच आहे. त्याचं तापमान कळलं की त्याने कुठल्या तरंगलांबीला किती प्रकाश द्यायला हवा, हे भौतिकशास्त्राने आधीच लिहून ठेवलं आहे. २८०० केल्विनच्या आसपास तापलेली वस्तू सर्वाधिक उजळते ती १ मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, जरा पुढे. तिथून पुढे तिचा उजेड उतरत जायला हवा, आणि १२ किंवा २२ मायक्रॉनपर्यंत पोचेस्तोवर फारच थोडा उरायला हवा. मोजल्यावर जर तिथे अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त उजेड भरला, तर तो ताऱ्याचा नव्हे. ताऱ्याजवळ काहीतरी आहे, ताऱ्यापेक्षा पुष्कळ थंड आणि पुष्कळ पसरलेलं, जे ताऱ्याचा प्रकाश पिऊन तो उष्णतेच्या रूपात परत सोडतं. म्हणजे धूळ. आणि तारा कोवळा असेल तर ती बहुधा तबकडीच्या रूपातली धूळ, जिच्यातून ग्रह घडतात.

आपलं स्वतःचं अंगही असंच उजळत असतं. ३७ अंश सेल्सिअसचं शरीर ९ मायक्रॉनच्या थोडं पुढे सर्वाधिक उजळतं. हे सांगितलं तेव्हा बाबांनी विचारलं, "मग ती दुर्बीण? तीही कोमट असली तर तीच उजळेल की. आख्खी फिल्म फॉग होईल." म्हणूनच तर वाइजला घन हायड्रोजनने गोठवून ठेवलं होतं. डिसेंबर २००९ मध्ये ती अवकाशात गेली, आरसा अवघा ४० सेंटीमीटरचा, आणि २०१० च्या शरद ऋतूत हायड्रोजन संपेपर्यंत तिने सगळं आकाश पाहून घेतलं. हायड्रोजन संपल्यावर १२ आणि २२ मायक्रॉनचे डोळे मिटले ते कायमचे. आम्ही पाहत होतो ते सगळे ठिपके त्या थोड्या महिन्यांतले.

बाबा चालायला लागले, पाळ्या संपल्या, सवय राहिली. आणि जून २०२० मध्ये बातमी आली की आमच्यासारख्या हौशी लोकांनी निवडलेल्या ठिपक्यांतून एक कोवळा तपकिरी बटू सापडला आहे, आणि त्याच्याभोवती ग्रह घडवणारी तबकडी आहे. नाव डब्ल्यू १२००−७८४५. अंतर सुमारे ३३२ प्रकाशवर्षं. एवढ्या कोवळ्या तपकिरी बटूंच्या तबकड्यांत तेव्हा माहीत असलेली ही सर्वांत जवळची. शोधणाऱ्यांत माझं नाव नाही. पण बातमी वाचताना मला घाम फुटला होता, हे खरं आहे.

त्याचं वय सुमारे ३७ लाख वर्षं. आकडा मोठा वाटतो म्हणून मी बाबांना असा मांडून दाखवला: सूर्याला पन्नाशीचा मानलं, तर हे पंधरा दिवसांचं बाळ. वस्तुमान गुरूच्या ४२ ते ५८ पट. आणि ते आकाशातल्या दक्षिण ध्रुवाच्या इतकं जवळ आहे की उत्तर गोलार्धातल्या बहुतेक माणसांच्या क्षितिजावर ते येतच नाही. चिलीतल्या लास काम्पानास वेधशाळेच्या साडेसहा मीटर व्यासाच्या मॅगेलन दुर्बिणीवरून त्याचा वर्णपट घेतला, तेव्हा ते खरोखर कोवळं आहे याची खात्री पटली.

तपकिरी बटू म्हणजे काय, हे इथे थोडं थांबून सांगायला हवं. वायू आणि धुळीचा ढग स्वतःच्या वजनाने आत कोसळतो, मध्यभागी गोळा होतो, गोळा आक्रसतो तसा तापतो. पुरेसं वस्तुमान असेल तर केंद्रात हायड्रोजन पेटतो आणि आक्रसणं थांबतं. तो झाला तारा. पण गुरूच्या साधारण ७५ ते ८० पटींहून कमी वस्तुमान असेल तर हायड्रोजन नीट पेटायच्या आधीच दुसरं काहीतरी आडवं येतं. इलेक्ट्रॉन इतके जवळजवळ दाटतात की क्वांटमचे नियम त्यांना आणखी दाटू देत नाहीत. त्या दाबावर गोळा तोलला जातो आणि मग अब्जावधी वर्षं निवत राहतो. १३ पटींच्या वर असेल तर सुरुवातीच्या काळात थोडा ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, जळतो, तेवढंच. शिव कुमार यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हे गणित मांडलं आणि त्यांना 'काळे बटू' म्हटलं. ते नाव आधीच निवालेल्या श्वेत बटूंसाठी वापरात होतं, म्हणून १९७५ मध्ये जिल टार्टर यांनी 'तपकिरी' हा शब्द सुचवला. रंगाशी त्याचा संबंध नाही. डोळ्यांनी पाहता आला तर कोवळा बटू लालसर दिसेल. निर्विवाद म्हणावे असे पहिले बटू १९९५ मध्ये मिळाले: कृत्तिकेतला तैदे १ आणि कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेवरून श्रीनिवास कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांना मिळालेला ग्लीझ २२९ बी. हा दुसरा एक नसून एकमेकांभोवती फिरणारे दोन आहेत, हे २०२४ मध्ये कळलं.

पुष्कळ ठिकाणी यांना 'फसलेले तारे' म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही, आणि त्याचं कारण ही तबकडीच आहे. कोसळणारा ढग थोडासा तरी फिरत असतो, आणि आक्रसताना ती गिरकी वेग घेते. अक्षाच्या दिशेने पदार्थ सहज खाली पडतो. आडव्या दिशेने गिरकी त्याला रोखून धरते. म्हणून चपटी तबकडी होते. पुढे या गोळ्यात हायड्रोजन पेटणार आहे की नाही, याच्याशी तबकडीला काही देणंघेणं नसतं. ती सूर्याभोवती झाली तशीच इथेही होते. तिच्यातून पदार्थ गोळ्यावर पडत राहतो, काही ध्रुवांकडून फवारत बाहेर जातो, आणि उरलेली धूळ चिकटत चिकटत वाढत जाते. कोवळ्या ताऱ्याच्या घरात जे जे चालतं ते सगळं इथे चालतं. मग फसलं काय?

यातलं एक जवळचं उदाहरण मला पाहायचं असेल तर मी हस्त नक्षत्र शोधते. एप्रिल-मेच्या संध्याकाळी. त्यातला अल्किबा नावाचा तारा धरायचा आणि तिथून सरळ दक्षिणेला हात लांब करून दीड मूठ खाली यायचं. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही. पण तिथे नरतुरंग तारकासमूहाच्या हद्दीत, सुमारे २१० प्रकाशवर्षांवर, २एम १२०७ नावाचा तपकिरी बटू आहे. गुरूच्या साधारण २५ पट वस्तुमानाचा, साधारण एक कोटी वर्षांचा. त्याचं एक चित्र फार गाजलं. एप्रिल २००४ मध्ये गाएल शोव्हाँ आणि सहकाऱ्यांनी चिलीतल्या पारानाल इथल्या ८.२ मीटरच्या येपुन दुर्बिणीतून ते घेतलं: मधे एक निळसर पांढरा ठिपका आणि शेजारी एक लालभडक. तो लाल ठिपका गुरूच्या पाचेक पट वस्तुमानाचा सोबती. सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाएवढ्या वस्तूचं ते पहिलं छायाचित्र मानलं जातं.

सगळे त्या लाल ठिपक्याकडे बघतात. मी ते चित्र बाबांना दाखवलं तेव्हा त्यांनी बोट ठेवलं मधल्यावर. "हा जागेवर आहे. याच्याभोवती तुझं ते असेल ना?"

आहे. त्याचा अवरक्तातला जास्तीचा उजेड २००४ मध्येच मोजला गेला. २००७ मध्ये त्याच्यातून दोन्ही बाजूंना निघणारे झोत सापडले. आणि २०१७ मध्ये चिलीतल्या अल्मा या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेनांनी ती तबकडी मिलिमीटर तरंगलांबीला मोजली. तिची त्रिज्या पृथ्वी-सूर्य अंतराच्या दहापट किंवा त्याहून जराशी कमी, म्हणजे आपल्या शनीच्या कक्षेएवढी. तिच्यातल्या धुळीचं वस्तुमान पृथ्वीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. म्हणजे जेमतेम एक मंगळ.

हा आकडा वाचून मी पुष्कळ दिवस हिरमुसले होते. एका मंगळाएवढ्या धुळीत होणार काय? मग लक्षात आलं की मी शिल्लक पाहते आहे, उलाढाल नव्हे. या तरंगलांबीला दिसतात ते फार तर मिलिमीटर-सेंटीमीटरचे कण. धुळीची खडी झाली, खडीचे धोंडे झाले, धोंड्यांचे किलोमीटरभर गोळे झाले, की त्यांचं वस्तुमान तेवढंच राहतं पण पृष्ठभाग एकदम घटतो आणि ते आपल्या नजरेतून उतरतात. एक कोटी वर्षांच्या तबकडीत आज एक मंगळभर धूळ उरली असेल, तर तिच्यातून आधीच किती रक्कम दुसऱ्या खात्यात वळती झाली, ते या आकड्यात लिहिलेलं नसतं. सूर्यासारख्या बहुतेक ताऱ्यांच्या तबकड्या एवढ्या वयापर्यंत पांगूनही जातात. ही अजून टिकून आहे.

तो लाल सोबती मात्र या तबकडीतून झाला असणं कठीण. पाच गुरूंएवढा पदार्थ द्यायची तिची ऐपत कधीच नसावी, आणि तो पृथ्वी-सूर्य अंतराच्या पन्नासेक पट दूर आहे. दोघं एकाच ढगातून, जुळ्या ताऱ्यांसारखे जन्मले असावेत. मग त्याला ग्रह म्हणायचं का? वस्तुमानाने म्हणावं, जन्माने म्हणू नये, असं मला वाटतं. जेम्स वेब दुर्बिणीने २०२३ मध्ये त्याचा वर्णपट दाखवला तेव्हा त्यात हायड्रोजन आणि हेलियमच्या तेजस्वी रेषा होत्या: त्याच्यावरही अजून वायू पडतो आहे. छोट्याच्या शेजारी आणखी छोटा, आणि त्याचाही संसार चालू.

अशा तबकडीत धुळीचे कण वाढतात का, याबद्दल शंका घेणारे लोक होते. पदार्थ विरळ, कण एकमेकांवर आदळतील ते फार वेगाने, चिकटतील कसे? भुजंगधारी तारकासमूहातल्या रो-ऑफ १०२ या साठेक गुरूंच्या बटूकडे अल्माने २०१२ मध्ये पाहिलं, तेव्हा मिलिमीटरएवढे कण मिळाले. सुरुवातीची धूळ त्याच्या हजारो पट बारीक असते. म्हणजे कण चिकटतात. पुढे काय होऊ शकतं याचा नमुना हवा तर ट्रॅपिस्ट-१ पाहावा. तो तपकिरी बटू नाही, हद्दीच्या जरा वर आहे, सूर्याच्या नऊ शतांश वस्तुमानाचा. त्याच्याभोवती सात खडकाळ ग्रह आहेत आणि सातांच्याही कक्षा वीस दिवसांच्या आत संपतात. डब्ल्यू १२००−७८४५ चं वस्तुमान ट्रॅपिस्ट-१च्या निम्म्याच्या आसपास. तिथे लहान कक्षांमधले लहान ग्रह घडत असतील, ही माझी इच्छा आहे आणि ती अवाजवी नाही.

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, आणखी एक बातमी आली ती मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवली. सीएचए ११०७−७६२६, सुमारे ६२० प्रकाशवर्षांवर, गुरूच्या फक्त पाच ते दहा पट, कुठल्याही ताऱ्याला न बांधलेला. त्याच्याभोवतीही तबकडी. ऑगस्टमध्ये त्या तबकडीतून त्याच्यावर दर सेकंदाला सहाशे कोटी टन पदार्थ पडत होता, काही महिन्यांपूर्वीच्या आठपट. हे असं उसळी घेणं कोवळ्या ताऱ्यांत पाहिलेलं होतं. एवढ्या लहानग्यात पहिल्यांदाच दिसलं. आणि उसळी चालू असताना तबकडीत पाण्याची वाफ दिसली, जी आधी दिसत नव्हती.

बाबांनी विचारलं, "सहाशे कोटी टन म्हणजे किती गं?" मी लॅपटॉपवर भागाकार केला. त्याच वेगाने पडत राहिलं तर आपला चंद्र भरायला चारशे वर्षांच्या आत-बाहेर लागतील. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हळूच म्हणायचं."

वाइज आता नाही. पुढे ती निओवाइज या नावाने लघुग्रह शोधत होती. ऑगस्ट २०२४ मध्ये तिला बंद केलं आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती वातावरणात शिरून जळून गेली. त्या दिवशी मी बाबांना सांगितलं नाही, दोन दिवसांनी सांगितलं. त्यांनी विचारलं, "फिल्म सगळ्या जपून ठेवल्या आहेत ना?" ठेवल्या आहेत. सगळ्या.

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन यंदा झालं. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर दोन आठवड्यांनी, रात्री जेवणं झाल्यावर, ते स्वतःच खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. प्रकल्पाच्या नव्या आवृत्तीत लाल खुजे तारे आणि तपकिरी बटू जास्त असतात, ठिपके फिकट असतात. मी उजेड वाढवायला गेले तर म्हणाले, "राहू दे, दिसतंय." पहिला ठिपका लांबुळका होता. दुसऱ्यात वर्तुळात दोघं होते. तिसरा सरकत गेला: दृश्य प्रकाशात जेमतेम, मग जरा ठळक, मग १२ मायक्रॉनला चांगलाच, २२ला अजूनही तिथेच. बाबा पुढे वाकले.

"परत लाव."

परत लावलं.

"गोल आहे," ते म्हणाले. "एकटा आहे. जागेवर आहे."

मी नोंद केली.

"पुढचा घे."